रविवारची चिनी

एम. ए. मराठीच्या वर्गावर महाराष्ट्राची सांस्कृतिक पार्श्वभूमी शिकवताना सातव्या शतकापाशी आले की ह्युएन-त्संग येतोच. इ. स. ६४१ च्या सुमारास हा चिनी भिक्षू पुलकेशीच्या राज्यात आला, इथल्या माणसांविषयी त्याने लिहिले, आणि ते लिखाण आज आपल्याच स्वभावाचे प्रशस्तिपत्र म्हणून आपण मिरवतो. मानी माणसे, उपकार न विसरणारी, अपमानाचा सूड घेतल्याविना न राहणारी. लढाईत हरून आलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा न करता त्याच्या हाती बायकी वस्त्रे देणारी रीत. झुंजीपूर्वी मद्य पाजलेले हत्ती. आणि उत्तरेत सर्वांना नमवूनही ज्याला हा देश जिंकता आला नाही असा हर्ष. मी हे दरवर्षी सांगतो आणि मुले दरवर्षी खूश होतात. काही वर्षांपूर्वी मात्र मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, हे मूळ चिनीत वाचून कोणा मराठी माणसाने सांगितले आहे, की सगळे इंग्रजीवरूनच?”

तास संपत आला होता, त्याचा आधार घेऊन मी उत्तर टाळले. खरे सांगायचे तर ते माझ्यापाशी नव्हते. पुढे सवडीने शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की प्रश्न एका उताऱ्याचा नाही. महाराष्ट्रात चिनी भाषा कोणी, केव्हा आणि कोणत्या वेळात शिकली, याचा तो प्रश्न आहे. ‘कोणत्या वेळात’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी उताऱ्याची वाट पाहू. ह्युएन-त्संगाचा प्रवासवृत्तान्त ६४६ साली चिनी भाषेत सिद्ध झाला. त्याचे फ्रेंच भाषांतर स्तानिस्लास झ्युलियाँ यांनी १८५७-५८ मध्ये केले, सॅम्युअल बील यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ मध्ये आले. त्याच वर्षी रा. गो. भांडारकरांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ निघाला. चालुक्यांच्या प्रकरणात या प्रवाशाची साक्ष त्यांनी काढली आहे. तेथून ती मराठी इतिहासग्रंथांत, तेथून क्रमिक पुस्तकांत, आणि तेथून माझ्या वर्गात आली. चिनीतून युरोपीय भाषेत, तीतून मराठीत, असा हा दोन दरवाजांचा प्रवास. नावाच्या लेखनातच त्याच्या खुणा दिसतात. ह्युएन-त्संग, ह्यू-एन-संग, युआन च्वांग, शुआनझांग अशी चार रूपे मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत पाहिली आहेत आणि चौघांनाही गुण दिले आहेत. प्रत्येक रूपामागे रोमन लिपीतील एकेक लेखनपद्धती आहे. कानाने ऐकून लिहिलेले त्यांत एकही नसावे.

बुलढाण्यात बसून हे वाचताना आणखी एक गोष्ट जवळची वाटते. आमचे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. लेणी जिल्ह्याबाहेर असली तरी दीड-दोन तासांच्या वाटेवर आहेत. ह्युएन-त्संग लिहितो की या देशाच्या पूर्व सीमेवर एका मोठ्या डोंगरात खोल दरीवर विहार कोरला आहे, तो अचल नावाच्या अर्हताने करविला, आणि त्याच्या दाराशी दगडी हत्ती उभे आहेत. तो स्वतः तेथे गेला की त्याने ऐकीव माहिती लिहिली, याविषयी एकमत नाही. पण हा विहार म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या वाटेवरचे हत्ती आजही उभे आहेत, आणि सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात अचल या स्थविराचे नाव कोरलेले आहे. ज्या लेण्यांकडे १८१९ मध्ये एका इंग्रज शिकाऱ्याचे लक्ष गेले आणि मग जगाला ती कळली, त्यांची नोंद साडेअकराशे वर्षे चिनी भाषेत होती. वाचणारा आपल्याकडे कोणी नव्हता, एवढेच.

आता वेळेविषयी. माणूस भाषा दोन ठिकाणी शिकतो. एक रोजची शाळा: तेथे तास असतो, हजेरी असते, नापास होण्याचे भय असते आणि म्हणून पुढचा वर्ग असतो. दुसरी रविवारची शाळा. मग ती खरोखर रविवारी भरो, रात्री कंदिलाजवळ भरो किंवा परगावी कोणा एका गुरूच्या ओसरीवर भरो. तेथे जाणाऱ्याला कोणी पाठवलेले नसते. परदेशांतील चिनी कुटुंबांनी शनिवार-रविवारच्या शाळांतून आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या टिकवली, हे सर्वश्रुत आहे. रोजच्या शाळेतील चिनी श्रेष्ठ की आठवडी शाळेतील, हा वाद त्यांच्या घरोघरी चालतो. आपल्याकडे हा वाद चिनीवरून झाला नाही. पण हिंदीवरून झालेला बदल माझ्या घरातच आहे. वडिलांकडे वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे ‘कोविद’ परीक्षेचे प्रमाणपत्र होते. ही समिती १९३६ ची. प्रवेश, परिचय, कोविद, रत्न अशा पायऱ्या चढायच्या, त्याही दिवसाचे काम आटोपल्यावर. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि हिंदी कानावर पडतच असे, तरी ती ‘शिकायची’ ती संध्याकाळी. पुढे त्रिभाषा सूत्र आले, हिंदी रोजच्या वेळापत्रकात बसली, आणि आमच्या पिढीला तिच्यात पस्तीस गुण पुरेसे वाटू लागले. वडील प्रेमचंद वाचत. मी प्रेमचंदांवरचे प्रश्न सोडवत असे. मात्र आमच्या गावातील प्रत्येक मुलाला हिंदी येते ती माझ्या शाळेमुळे, वडिलांच्या संध्याकाळच्या वर्गामुळे नव्हे, हेही तितकेच खरे.

चिनीचा मराठी इतिहास पालीच्या दारातून सुरू होतो. धर्मानंद कोसंबी यांचे सगळे शिक्षण रोजच्या शाळेबाहेरचे: गोव्याहून निघून पुणे, काशीच्या अन्नछत्रातील संस्कृत, मग सिंहलद्वीपात पाली. हा मनुष्य १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचा प्राध्यापक होता. भटकंतीत मिळवलेली भाषा तेथे वेळापत्रकात आली आणि तिला शिष्य लाभले. चिं. वि. जोशी त्यांपैकी एक, पु. वि. बापट दुसरे. पालीचे पुढचे भाग्य आपण पाहतोच. १९५६ च्या धर्मांतरानंतर विदर्भातील खेड्याखेड्यांत ती पोहोचली. आमच्या जिल्ह्यात रविवारी विहारातील सामूहिक वंदनेत त्रिशरण-पंचशील पालीत म्हटले जाते, आणि शालान्त परीक्षेला पाली हा विषयही घेता येतो. रविवार आणि रोजची शाळा या दोन्ही ठिकाणी पाय असलेली ही आमच्याकडची बहुधा एकमेव प्राचीन भाषा असेल.

पण पालीचा अभ्यासक एका टप्प्यावर चिनीच्या दाराशी येऊन थांबतो. बापटांचे तसेच झाले. ‘विसुद्धिमग्ग’ हा बुद्धघोषाचा पाचव्या शतकातील थोर ग्रंथ. त्याच्या जवळचा ‘विमुत्तिमग्ग’ हा उपतिस्साचा ग्रंथ मूळ रूपात उपलब्ध नव्हता. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपालाने केलेल्या चिनी भाषांतरात तो संपूर्ण वाचता येत होता. दोहोंची तुलना करायची तर चिनीला पर्याय नाही. बापटांनी ती केली, हार्वर्ड विद्यापीठाने १९३२ मध्ये त्यांना पीएच. डी. दिली, आणि १९३७ मध्ये हा अभ्यास पुण्यातून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सुत्तनिपातातील ‘अट्ठकवग्गा’शी जुळणारा ‘अर्थपदसूत्र’ हा ग्रंथही त्यांनी चिनीतून इंग्रजीत आणला. तो १९५१ मध्ये विश्वभारतीने छापला. विनयपिटकावरील ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेचे पाचव्या शतकाच्या अखेरीस संघभद्राने केलेले चिनी रूप अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाच्या सहकार्याने त्यांनी इंग्रजीत उतरवले आणि १९७० मध्ये ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रकाशित केले. बापटांचा जन्म १८९४ चा. पंचाहत्तरी उलटल्यावर माणूस चिनी विनयग्रंथाच्या प्रस्तावना लिहितो, हे दृश्य मला फार विलक्षण वाटते. यांतले काहीही नोकरीसाठी आवश्यक नव्हते. नोकरी पालीची होती.

दुसरे नाव वासुदेव विश्वनाथ गोखले यांचे. जर्मनीत राहून त्यांनी आर्यदेवाच्या नावावरील ‘अक्षरशतक’ या माध्यमिक ग्रंथाचा चिनी आणि तिबेटी साधनांवरून अभ्यास केला. तो १९३० मध्ये हायडेलबर्गहून प्रसिद्ध झाला. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून आणलेल्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांवरून वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशकारिकां’चे मूळ संस्कृत त्यांनी १९४६ मध्ये पहिल्यांदा समोर ठेवले. असंगाच्या ‘अभिधर्मसमुच्चया’चे अंश पुढच्याच वर्षी आले. हरवलेले संस्कृत ओळखायचे तर त्याची चिनी आणि तिबेटी प्रतिबिंबे समोर असावी लागतात. गोखल्यांच्या पद्धतीचे मर्म हेच.

या टप्प्यावर कथेत एक उलटा प्रवासी येतो आणि मला वाटते, माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्यापाशी आहे. जिन केमू नावाचा तरुण चिनी लेखक १९४० च्या दशकात भारतात होता. सारनाथला त्याला धर्मानंद कोसंबी भेटले. वयाने थकलेले, कोणत्याही विद्यापीठाच्या पगारावर नसलेले कोसंबी त्याला संस्कृत आणि पाली शिकवत. पुढे तो पुण्यात गोखल्यांच्याही सहवासात राहिला आणि ‘अभिधर्मसमुच्चया’च्या कामात त्याने त्यांना साथ दिली. एकाच टेबलावर संस्कृतचे तुकडे आणि त्यांची चिनी भाषांतरे. गोखले चिनीकडे झुकलेले, जिन केमू संस्कृतकडे. दोघांचेही शिक्षण त्या घटकेला रविवारच्या शाळेचे. ना परीक्षा, ना पदवी.

मग वाटा फुटतात. कोसंबींचे ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला देहावसान झाले. जिन केमू चीनला परतला, १९४८ मध्ये पेकिंग विद्यापीठात गेला, आणि १९६० मध्ये त्याने जी शिएनलिन यांच्यासह तेथे संस्कृत-पालीचा पाच वर्षांचा नियमित वर्ग सुरू केला. रोज भरणारा, हजेरी घेणारा, नापास करू शकणारा वर्ग. त्या वर्गातून बाहेर पडलेल्या झाओ गुओहुआ, हुआंग बाओशेंग आदींनी महाभारताचे काम अंगावर घेतले. मधल्या काळात सांस्कृतिक क्रांतीने विद्यापीठे बंद पाडली, झाओ अर्ध्यावर गेले, तरीही २००५ मध्ये संपूर्ण महाभारत चिनी भाषेत सहा खंडांत प्रसिद्ध झाले. त्याला आधारभूत संहिता कोणती? पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती. सारनाथच्या त्या बिनपगारी गुरूचा धागा आणि पुण्याच्या पंडितांनी जवळजवळ अर्धशतक खपून सिद्ध केलेली संहिता, दोन्ही बीजिंगला एकत्र आली, कारण तेथे मधोमध एक वर्ग होता.

आपल्याकडे तो वर्ग झाला नाही. बापट पुढे दिल्ली विद्यापीठात बौद्धविद्येचा विभाग उभारायला गेले, गोखल्यांचे ग्रंथ जगभरच्या बौद्धविद्येत आजही आधाराला घेतले जातात. पण मराठी विद्यार्थ्याला चिनी शिकवून त्याच्या हाती ह्युएन-त्संग देणारी परंपरा त्यांतून सुरू झाली नाही. दोष त्या दोघांचा नव्हे. त्यांच्या चिनीला महाविद्यालयात दार उघडायला कोणाला गरजच भासली नाही, कारण इंग्रजी भाषांतरे होती ना! मराठी पंडिती वर्तुळाची ही सवय जुनी आहे: युरोपीय माणसाने वाचून ठेवले आहे, तर आपण पुन्हा कशाला वाचा. संस्कृतच्या बाबतीत मात्र आपण असे कधीच म्हटले नाही. असो.

या विद्वानांच्या पलीकडे एक मराठी माणूस चिनी शिकला, तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या चिनीकडे कोणी लक्ष देत नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आमच्या विदर्भातले, नागपूरचे, चोळकरही होते. इतर यथाकाल परतले. कोटणीस राहिले, भाषा शिकले, आणि इतकी शिकले की जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाल्यावर त्यांना चिनी विद्यार्थ्यांपुढे चिनीतून शस्त्रक्रिया शिकवता येत होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. शिकायला त्यांना ना रविवार मिळाला ना वर्ग. मिळाले ते जखमी सैनिक, ज्यांना ‘कोठे दुखते’ हे त्यांच्याच भाषेत विचारावे लागे. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटात चिनी नायिका अस्खलित हिंदी बोलते. प्रेक्षकांसाठी ते करणे भागच होते, पण त्यामुळे कोटणिसांच्या आयुष्यातील एक मोठे कष्टाचे प्रकरण आपल्या स्मृतीतून निसटले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये, भारत सरकारने काही विद्यार्थी चीनला पाठवले. त्यांत वसंत परांजपे होते. ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरू आणि माओ समोरासमोर बसले, तेव्हा भारताच्या बाजूने दुभाष्याच्या खुर्चीत हा मराठी तरुण होता. पुढे आठ वर्षांनी १९६२ आले. त्यानंतर चिनी ही आपल्याकडे शत्रूची भाषा झाली. आणि शत्रूची भाषा सैन्याने शिकावी, इतरांनी नव्हे, हा समज घट्ट बसला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना शिकवल्या जाणाऱ्या परकीय भाषांत चिनी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ती कोठे दिसते?

रोजच्या शाळेने एकदा दार उघडून पाहिले. २०१० मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्र्यांनी घोषणा केली आणि २०११ पासून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सहाव्या इयत्तेपासून चिनी शिकण्याची सोय केली. २०१९ च्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत तिचे नाव होते. जुलै २०२० मध्ये धोरण जाहीर झाले तेव्हा कोरियन, जपानी, थाई यांच्या सोबत ती नव्हती. मध्ये जूनमध्ये गलवान घडले होते. एका ओळीतून एक शब्द काढला की रोजच्या शाळेतील भाषा कशी निघून जाते, हे त्या वेळी दिसले. बापटांच्या टेबलावरून कोणत्याही सरकारला ती काढता आली नसती. म्हणूनच वर्ग असता तर सगळे सुरळीत झाले असते, असे मी म्हणणार नाही. बीजिंगच्या वर्गालाही सांस्कृतिक क्रांती सोसावी लागली. तो टिकला तो दहा वर्षे घरी बसूनही पोथी न सोडणाऱ्यांमुळे, म्हणजे पुन्हा रविवारच्याच शिक्षणामुळे.

चिखलीची माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीने तेथल्या शाळेत परकीय भाषा म्हणून चिनी घेतली आहे. रोज तास, गृहपाठ, चाचण्या. मराठी मात्र रविवारी, महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत. आईची तक्रार अशी की चिनीची वही नीटनेटकी असते आणि मराठीचा गृहपाठ गाडीत, शाळेच्या वाटेवर उरकला जातो. “सर, तुम्हीच सांगा, आजीशी चिनीत बोलणार आहे का ही?” असे तिने मला लिहिले होते. मी त्याचे उत्तर देण्याऐवजी ह्युएन-त्संगाच्या अकराव्या खंडातील त्या प्रकरणाचे शीर्षक, मूळ चिनी अक्षरांत, तिला पाठवून दिले आणि मुलीला दाखवायला सांगितले.

आठवड्याने उत्तर आले. मुलीने पाच अक्षरे मोठ्याने वाचली: मो-ह-ला-छा-ग्वो. शेवटचे ‘ग्वो’ म्हणजे देश, हे तिला ठाऊक होते. आधीच्या चारांचा एकत्र अर्थच लागेना. पुन्हा वाचले, जरा भरभर वाचले, आणि मग ती हसायला लागली. म्हणाली, हे चिनी नाहीच, हा नुसता आवाज आहे, आपलाच. त्या खालच्या ओळी मात्र तिला लागल्या नाहीत. ही चिनी आमच्या पुस्तकातली नाही, फार जुनी आहे, असे तिचे म्हणणे. ज्याने वर्गात तो प्रश्न विचारला होता, तो आता मेहकर तालुक्यात एका शाळेवर शिक्षक आहे. त्याला मी हे सगळे कळवले. त्याचा उलट संदेश एका ओळीचा होता: खालच्या ओळी कोण वाचून देईल, सर?